मॉर्मन धर्मग्रंथ आणि प्राचीन यहुदी-ख्रिस्ती लेखन : साम्य कसं तपासायचं

मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या ते सातव्या अध्यायांत येशूचं डोंगरावरचं प्रवचन आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत उभ्या राहिलेल्या मॉर्मन संप्रदायाच्या ‘मॉर्मन ग्रंथा’तही ते आहे, त्यातल्या ‘तिसरा नेफी’ या पुस्तकाच्या १२ ते १४ या अध्यायांत. फरक इतकाच की तिथे पुनरुत्थान झालेला येशू अमेरिकेतल्या लोकांसमोर बोलतो आहे. ही दोन्ही प्रवचनं शेजारी ठेवून वाचली की मॉर्मन धर्मग्रंथ आणि प्राचीन लेखन यांच्या नात्यातली जवळजवळ सगळी गुंतागुंत समोर येते.

आधी मत्तय ५:२२ घ्या. जो आपल्या भावावर रागावतो तो न्यायसभेच्या शिक्षेस पात्र होईल, असं हे वचन. १६११च्या किंग जेम्स इंग्रजी बायबलात ‘विनाकारण रागावतो’ असं आहे. पण सिनाइटिकस आणि व्हॅटिकनस या चौथ्या शतकातल्या दोन महत्त्वाच्या ग्रीक हस्तलिखितांत ‘विनाकारण’ नाही. सिनाइटिकसमध्ये तो शब्द नंतर कुणीतरी घातला. मॉर्मन ग्रंथातही तो नाही. म्हणजे इथे १८३०मध्ये छापलेलं पुस्तक किंग जेम्सला सोडून सर्वांत जुन्या हस्तलिखितांशी जुळतं.

आता पुढच्याच अध्यायात या, मत्तय ६:१३. प्रभूच्या प्रार्थनेचा शेवट : ‘कारण राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत.’ हे वाक्य त्याच दोन्ही जुन्या हस्तलिखितांत नाही. उपासनेत ही प्रार्थना म्हणता म्हणता ते पुढे मजकुरात शिरलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मॉर्मन ग्रंथात मात्र ते आहे, तेही किंग जेम्सच्याच शब्दांत.

एकाच प्रवचनातली ही दोन वचनं परस्परविरुद्ध साक्ष देतात. पहिल्यावरच थांबणारा म्हणतो, हा ग्रंथ प्राचीन आहे. दुसऱ्यावरच थांबणारा म्हणतो, ही नक्कल आहे. दोघांनीही काम अर्ध्यावर सोडलं. पहिल्या वचनाबाबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ‘विनाकारण’ नसलेला पाठ १८३०मध्ये इंग्रजी वाचकांना अपरिचित नव्हता. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी १७५५मध्येच आपल्या टीपांत हा शब्द नंतरची भर म्हणून बाजूला काढला होता. त्यामुळे त्या जुळण्याचं वजन बरंच घटतं. पूर्ण जात नाही, पण घटतं.

या अभ्यासात पहिला प्रश्न नेहमी हाच : ती माहिती १८३०पूर्वी इंग्रजीत मिळत होती का?

थोडी पार्श्वभूमी. मॉर्मन ही ओळख रूढ असली तरी या संप्रदायातली सर्वांत मोठी संस्था ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लेटर-डे सेंट्स’ हेच पूर्ण नाव वापरण्याचा आग्रह धरते. संस्थापक जोसेफ स्मिथ, जन्म १८०५, व्हरमाँट. न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा परिसरात वाढलेला हा शेतकऱ्याचा मुलगा. मोरोनी नावाच्या देवदूताने दाखवलेले सोन्याचे पत्रे १८२७मध्ये आपल्याला मिळाले आणि देवाच्या सामर्थ्याने आपण त्यांचं भाषांतर केलं, असं त्याचं म्हणणं. ते भाषांतर म्हणजे मॉर्मन ग्रंथ. मार्च १८३०मध्ये पालमायराच्या ग्रँडिन छापखान्यातून त्याच्या ५,००० प्रती निघाल्या. छपाईच्या ३,००० डॉलरसाठी मार्टिन हॅरिस या अनुयायाने शेत गहाण टाकलं. एप्रिल १८३०मध्ये मंडळीची (चर्चची) स्थापना झाली, आणि जून १८४४मध्ये इलिनॉयमधल्या कार्थेज तुरुंगात जमावाने स्मिथला ठार मारलं.

अधिकृत ग्रंथ चार. बायबल, मॉर्मन ग्रंथ, ‘सिद्धांत आणि करार’ (बहुतांशी स्मिथला झालेली प्रकटीकरणं) आणि ‘मोलवान मोती’. या चौथ्या, आकाराने लहान संग्रहात मोशेचं पुस्तक आणि अब्राहामाचं पुस्तक येतं, आणि प्राचीन लेखनाशी सर्वाधिक तुलना याच दोन पुस्तकांची होते. १८५१मध्ये लिव्हरपूलला तो पुस्तिका म्हणून निघाला, १८८०मध्ये अधिकृत ठरला. संप्रदायाची दुसरी मोठी शाखा, आजची ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’, हा संग्रह मानत नाही.

मॉर्मन ग्रंथाची कथा इ.स.पू. ६००च्या सुमारास, सिद्कीया राजाच्या काळातल्या यरुशलेमेत सुरू होते. लेही नावाचा संदेष्टा कुटुंब घेऊन शहर सोडतो, अरबस्तानातून समुद्रापर्यंत येतो आणि जहाजाने नव्या भूमीत पोचतो. जाताना त्याची मुलं पितळी पत्र्यांवर लिहिलेली शास्त्रवचनं बरोबर घेतात. मोशेची पाच पुस्तकं आणि यशयासह अनेक संदेष्ट्यांचं लेखन त्यांत होतं, असं ग्रंथ सांगतो. ग्रंथात यशया भरभरून उद्धृत होतो तो या पितळी पत्र्यांच्या आधारे. ‘दुसरा नेफी’ १२ ते २४ म्हणजे सलग यशया २ ते १४. शिवाय ४८ ते ५१, ५३ आणि ५४ हे अध्यायही वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. यशयाचा साधारण एकतृतीयांश मजकूर मॉर्मन ग्रंथात सापडतो.

हा मजकूर किंग जेम्सच्या इतका जवळ आहे की दोन्ही प्रतींवर एकेक बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचता येते. फरक आहेत, आणि खरं शिकायला मिळतं ते तिथेच. किंग जेम्समध्ये काही शब्द तिरक्या टाइपात छापलेले असतात. मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये ते नाहीत, इंग्रजी वाक्य पुरं व्हावं म्हणून भाषांतरकारांनी घातले, अशी ती खूण. मॉर्मन ग्रंथातले बदल याच तिरक्या शब्दांपाशी पुष्कळदा घडतात, कधी शब्द गळतो, कधी बदलतो. सगळेच बदल तिथले नाहीत, पण प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं आहे. म्हणून बहुसंख्य अभ्यासक म्हणतात की उताऱ्यांचा पाया किंग जेम्सच आहे. स्मिथची पत्नी एमा हिने मात्र १८७९च्या मुलाखतीत ठाम सांगितलं की मजकूर सांगताना त्याच्यासमोर कुठलंही पुस्तक वा लिखाण नव्हतं. श्रद्धावान अभ्यासक त्यावर म्हणतात की प्रकटीकरण वाचकांच्या ओळखीच्या बायबलभाषेत आलं. ही भूमिका त्यांच्या परंपरेत सुसंगत आहे. मात्र ती स्वीकारली तर किंग जेम्सशी जुळणारा शब्द प्राचीनतेचा पुरावा म्हणून वापरता येत नाही.

यशयाचा नववा अध्याय जरा जवळून पाहू. तिसऱ्या वचनात किंग जेम्स म्हणतं : तू राष्ट्र वाढवलंस पण आनंद वाढवला नाहीस. संदर्भ आनंदाचा, लगेच पुढे कापणीच्या वेळच्या हर्षाची उपमा, आणि मध्येच हा नकार. हिब्रू परंपरेनेच इथे लिहिलेला शब्द ‘नाही’ असला तरी वाचायचा ‘त्याला’ अशी सूचना दिली आहे. दोन्हींचा उच्चार सारखाच, ‘लो’. मॉर्मन ग्रंथात तो नकार नाही, आणि अर्थ सुधारतो. आता त्याच अध्यायाचं पहिलं वचन. किंग जेम्समध्ये ‘समुद्राच्या वाटेवर’, मॉर्मन ग्रंथात ‘तांबड्या समुद्राच्या वाटेवर’. वचन जबुलून, नफताली आणि गालील यांच्याबद्दल आहे, म्हणजे देशाच्या उत्तर टोकाबद्दल. तांबडा समुद्र दूर दक्षिणेला. या ‘तांबड्या’ला एकाही प्राचीन हस्तलिखिताचा आधार नाही. दोन वचनांच्या अंतरात एक बदल मजकूर सुधारतो, दुसरा बिघडवतो. मूळ प्राचीन पाठ समोर असता तर असं का व्हावं, हा प्रश्न रास्त आहे. किंग जेम्सचा मजकूर लक्षपूर्वक ऐकणारा, अडणाऱ्या जागा सुधारणारा आणि काही ठिकाणी ओळखीचं नाव जोडणारा माणूस असं सहज करू शकतो.

यशया २:१६वर समर्थकांचा भर जास्त असतो. हिब्रूत ‘तार्शीशची जहाजं’, सेप्टुअजिंट या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘समुद्राचं जहाज’, आणि मॉर्मन ग्रंथात दोन्ही, एकापाठोपाठ. मूळ वचनात दोन्ही ओळी असाव्यात आणि हिब्रूत एक व ग्रीकमध्ये दुसरी टिकली असावी, असा त्यांचा तर्क. तर्क चांगला आहे, पण दोन अडचणी आहेत. या कवितेतली वचनं दोन-दोन ओळींच्या जोड्यांत बांधलेली आहेत, आणि तिसरी ओळ आली की ती बांधणी मोडते. शिवाय सेप्टुअजिंटचं चार्ल्स थॉमसन यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर फिलाडेल्फियात १८०८मध्ये छापलं गेलं होतं. स्मिथने ते पाहिल्याचा पुरावा नाही. पण माहिती त्या काळी इंग्रजीत पोचूच शकत नव्हती, असं म्हणता येत नाही.

सर्वांत अवघड मुद्दा कालाचा. यशयाचे ४० ते ५५ हे अध्याय यहुद्यांच्या बाबेलमधल्या बंदिवासात, इ.स.पू. ५४०च्या आसपास लिहिले गेले, असं आधुनिक बायबल अभ्यासात बहुतेकांचं मत आहे. त्यांत पर्शियाचा राजा कोरेश (सायरस) नावानिशी येतो, यशया ४४:२८ आणि ४५:१मध्ये. लेही त्याआधी अर्धशतकाहून जास्त काळ निघून गेलेला. मग ४८ ते ५१ आणि ५३ हे अध्याय त्याच्या पत्र्यांवर कसे? संपूर्ण यशया एकाच संदेष्ट्याचा आणि पुढचं त्याला आधीच दिसलं, असं मानणाऱ्याला अडचण नाही. बाकीच्यांना आहे. बायबलातल्या मलाखी या संदेष्ट्याबाबत मात्र टीकाकार कधीकधी घाई करतात. मलाखी लेहीच्या नंतरचा, तरी त्याचे दोन अध्याय मॉर्मन ग्रंथात आहेत, हे खरं. पण तिथे ते पितळी पत्र्यांतून येत नाहीत. लोकांकडे ते नव्हते म्हणून येशू स्वतः ते लिहून घ्यायला लावतो. कथेच्या आत ते सुसंगत आहे.

धातूवर शास्त्रवचन लिहिणं मात्र कल्पनेतलं नाही. यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम इथे १९७९मध्ये चांदीच्या दोन छोट्या गुंडाळ्या, म्हणजे ताईत, मिळाल्या, लेहीच्याच काळाच्या आसपासच्या, बायबलातल्या ‘गणना’ ६:२४-२६ मधल्या आशीर्वादाचे शब्द कोरलेल्या. मोठी गुंडाळी उलगडल्यावर जेमतेम १० सेंटिमीटर लांब भरली. म्हणजे पद्धत होती. पाच पुस्तकं मावतील अशा पत्र्यांचा पुरावा ही वेगळी गोष्ट, आणि या ताइतांवरून ती सिद्ध होत नाही.

आता हनोख. बायबलच्या ‘उत्पत्ति’ या पहिल्या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात त्याला चार वचनं मिळतात : तो देवाबरोबर चालला आणि दिसेनासा झाला, कारण देवाने त्याला नेलं. एवढ्याशा जागेतून दोन हजार वर्षांपूर्वी यहुद्यांमध्ये मोठं साहित्य उभं राहिलं. त्यातलं ‘पहिला हनोख’ हे १०८ अध्यायांचं पुस्तक संपूर्ण रूपात फक्त इथिओपियाच्या गीझ भाषेत टिकलं, आणि तिथल्या ऑर्थोडॉक्स मंडळीत ते आजही बायबलचा भाग आहे. नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात त्यातलं एक वचन उद्धृत केलेलं आहे. स्मिथनेही डिसेंबर १८३०मध्ये हनोखाची कथा विस्ताराने सांगितली. ती आज मोशेच्या पुस्तकाच्या सहाव्या-सातव्या अध्यायांत आहे.

‘पहिला हनोख’चं रिचर्ड लॉरेन्सकृत इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डला १८२१मध्ये निघालं होतं. ते पुस्तक न्यूयॉर्कच्या ग्रामीण भागात पोचलं होतं का, यावर वाद चालतो. मला त्यापेक्षा दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : घेतलं असतं तर काय घेतलं असतं? ‘पहिला हनोख’च्या सुरुवातीच्या भागाचा कणा म्हणजे २०० देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, मानवी स्त्रियांशी विवाह करतात आणि त्यांना राक्षसी संतती होते. मोशेच्या पुस्तकात हे देवदूत नाहीतच. उलट आठव्या अध्यायात ‘देवाचे पुत्र’ म्हणजे नोहाचे आज्ञाधारक पुत्र, असा अर्थ लावला आहे. ज्या पुस्तकातून उचललं म्हणायचं, त्याचा कणाच नसेल तर उसनवारीचा आरोप लंगडा पडतो.

समर्थकांचं आवडतं उदाहरण नावाचं. मोशे ६:४०मध्ये हनोखाला प्रश्न विचारणारा महीजा येतो. मृत समुद्राकाठच्या गुहांत मिळालेल्या प्राचीन यहुदी गुंडाळ्यांतल्या ‘राक्षसांच्या पुस्तका’त महवाय नावाचं पात्र हनोखाकडे प्रश्न घेऊन जातं. ते तुकडे विसाव्या शतकात सापडले, म्हणजे स्मिथला ठाऊक असणं अशक्य. पण उत्पत्ति ४:१८ उघडा. तिथे महूयाएल हे नाव आहे, आणि हिब्रूत एकाच वचनात ते दोन तऱ्हांनी लिहिलेलं आहे. दोन्ही लेखकांनी ते तिथून स्वतंत्रपणे घेतलेलं असू शकतं. साम्य दिसलं की दोन्हींचा सामाईक पूर्वज बायबलातच आहे का, हे आधी पाहावं. निम्म्याहून जास्त वाद तिथेच मिटतात.

याच अध्यायांत एक दृश्य आहे ज्याची मला मनापासून ओढ आहे. मोशे ७:२८मध्ये देव माणसांचं दुःख पाहून रडतो, आणि हनोख चकित होऊन विचारतो, तू पवित्र आणि अनंत, तू कसा रडू शकतोस? विलापगीतावरच्या प्राचीन यहुदी भाष्यात, मंदिराच्या विध्वंसानंतर देव रडतो आणि मेटाट्रॉन हा देवदूत पालथा पडून म्हणतो, मी रडतो, तू रडू नकोस. दुसऱ्या एका यहुदी ग्रंथात मेटाट्रॉन म्हणजेच स्वर्गात नेलेला हनोख, असं सांगितलं आहे. स्मिथने हे वाचलं होतं असं दाखवणारं काही नाही. यिर्मया वाचणाऱ्या कुणालाही रडणारा देव सुचू शकतो, हेही खरं. तरी दोन्ही परंपरांनी त्याच वेदनेपाशी हनोखाला उभं करावं, हे मला उसनवारीच्या हिशेबापेक्षा मोठं वाटतं.

अब्राहामाच्या पुस्तकाबाबत तपासायला प्रत्यक्ष वस्तू आहे. जुलै १८३५मध्ये मायकेल चँडलर नावाचा फिरता प्रदर्शक चार ममी आणि काही पपायरस (प्राचीन इजिप्तच्या कागदावरचे लेख) घेऊन ओहायोतल्या कर्टलंडला आला. मंडळीने २,४०० डॉलरला ते विकत घेतले. एका पपायरसवर अब्राहामाचं लेखन आहे, असं स्मिथने जाहीर केलं, आणि १८४२मध्ये ते तीन चित्रांसह छापलं. पुढे पपायरस शिकागोच्या १८७१च्या आगीत जळाले असं समजलं जाई. पण काही तुकडे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात निघाले, आणि नोव्हेंबर १९६७मध्ये संग्रहालयाने ते मंडळीला दिले. त्यातला एक तुकडा पहिल्या छापील चित्राचं मूळ आहे. इजिप्तविद्येच्या अभ्यासकांनी वाचल्यावर कळलं की तो होर नावाच्या थीब्सच्या पुजाऱ्यासाठी लिहिलेला ‘श्वासांचा ग्रंथ’ आहे. मृताला परलोकात जीवन मिळावं म्हणून तो प्रेताबरोबर ठेवत. काळ इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या आसपासचा. अब्राहामाचं नावही त्यात नाही. मंडळीनेही २०१४च्या आपल्या निबंधात हे मान्य केलं. त्या निबंधात दोन शक्यता मांडल्या आहेत : संबंधित भाग हरवला असावा, किंवा पपायरस हे निव्वळ निमित्त ठरून मजकूर प्रकटीकरणाने आला असावा.

मजकुरातली साम्यं मग कुठून? मूर्तिपूजक लोक अब्राहामाला वेदीवर बळी द्यायला काढतात आणि देवदूत त्याला सोडवतो, ही कथा उत्पत्तीत नाही. यहुदी परंपरेत मात्र निम्रोद राजा अब्राहामाला आगीत टाकतो. तिचा समावेश असलेलं ‘याशेरचं पुस्तक’ न्यूयॉर्कला १८४०मध्ये इंग्रजीत निघालं होतं. अब्राहामाने इजिप्तच्या लोकांना खगोलशास्त्र शिकवलं, ही गोष्ट जोसिफस या यहुदी इतिहासकाराने पहिल्या शतकात लिहिली, आणि त्याचं व्हिस्टनकृत इंग्रजी भाषांतर १७३७पासून उपलब्ध होतं. याउलट ‘अब्राहामाचं प्रकटीकरण’ हा ग्रंथ फक्त जुन्या स्लाव्हिकमध्ये टिकला. स्मिथच्या हयातीत तो इंग्रजीत नव्हता. तुलना करताना या दोन प्रकारच्या साधनांची सरमिसळ करू नका.

माझं मत सांगायचं तर हा सगळा वाद ‘प्राचीन की नक्कल’ या दोनच कप्प्यांत कोंबल्याने सगळ्यांचं नुकसान होतं. शास्त्र पुन्हा लिहिणं ही यहुदी परंपरेतलीच जुनी रीत आहे. बायबलातली ‘इतिहास’ नावाची पुस्तकं ‘शमुवेल’ आणि ‘राजे’ या पुस्तकांची फेरमांडणी करतात. ‘जुबिली’ हा ग्रंथ उत्पत्ति आणि निर्गमाचा पूर्वार्ध नव्याने सांगतो. मृत समुद्राकाठच्या कुमरानजवळ मिळालेल्या ‘उत्पत्तीच्या अपोक्रिफा’त अब्राहाम आपली इजिप्तची हकीकत प्रथम पुरुषी सांगतो, आणि स्मिथच्या पुस्तकातही तो ‘मी अब्राहाम’ म्हणूनच बोलतो. यापेक्षा नेमकं उदाहरण कुमरानजवळच मिळालेल्या मंदिर-गुंडाळीचं आहे. आठ मीटरहून लांब असलेल्या या गुंडाळीत ‘अनुवाद’ या मोशेच्या पाचव्या पुस्तकातले नियम पुन्हा लिहिलेत. ‘अनुवादा’त मोशे ‘तुझा देव परमेश्वर याने’ म्हणतो, तर गुंडाळीत देव स्वतःच ‘मी’ म्हणून बोलतो. आता मोशेच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय उघडा. उत्पत्तीत ‘देव बोलला, प्रकाश होवो’ असं आहे. इथे ‘मी देव बोललो, प्रकाश होवो’. अध्यायभर तृतीय पुरुषाचा प्रथम पुरुष केलेला आहे. गुंडाळी १९७७मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे उसनवारीचा प्रश्नच नाही. पण याने प्राचीनताही सिद्ध होत नाही. देवाचा शब्द थेट त्याच्याच तोंडून ऐकायची ओढ असलेला लेखक इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या यहूदियात असो की १८३०च्या न्यूयॉर्कमध्ये, तो मजकुरावर हाच संस्कार करतो. स्मिथने १८३० ते १८३३ या काळात जवळजवळ सगळं बायबल असंच पुन्हा वाचून दुरुस्त केलं. मोशेचं पुस्तक त्याच कामाचा भाग.

तपासायचंच असेल तर साधनं हाताशी ठेवा. किंग जेम्सची तिरके शब्द दाखवणारी प्रत घ्या, काही आधुनिक प्रतींत ते नसतात. पाठभेद (हस्तलिखितांतले शब्दांचे फरक) देणारं आधुनिक बायबल शेजारी हवं. मॉर्मन ग्रंथासाठी आजची छापील प्रत पुरत नाही, कारण १८३०नंतर अनेक शब्द बदलले आहेत. मूळ हस्तलिखिताचा साधारण चौथा हिस्साच उरला आहे, पण छापखान्यासाठी केलेली नक्कल जवळजवळ पूर्ण आहे आणि तिची छायाचित्रं ‘जोसेफ स्मिथ पेपर्स’ या प्रकल्पात पाहायला मिळतात. १८३०च्या आवृत्तीत वचनांना क्रमांक नव्हते. आजचे अध्याय आणि वचनं १८७९मध्ये ऑर्सन प्रॅट यांनी पाडली, तर ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’च्या प्रतीत जुनेच मोठे अध्याय ठेवले आहेत. त्यामुळे एखाद्या लेखातला संदर्भ दिलेल्या जागी सापडला नाही, तर तो कुठल्या आवृत्तीतून घेतला आहे ते आधी पाहा.